डस्टर देऊन ये

१२ जुलै

दादा,

डॉक्टरांनी तुला तीन महिने तोंड बंद ठेवायला सांगितलंय हे ऐकून मला आधी हसू आलं आणि मग वाईट वाटलं. क्रम तोच होता, खोटं कशाला बोलू? ज्याच्या हातातला माईक परत घ्यायला दोन माणसं लागतात, त्याच्या घशात गाठ निघावी आणि ती काढल्यावर त्याला कुजबुजायचीही बंदी व्हावी! वहिनी म्हणाली, घरात इतकी शांतता आहे की शेजारचा नळ गळतोय हे आत्ता कळलं. फोनवर तू नुसता श्वास घेतोस आणि मी बडबडते, ते काही मला जमत नाही. म्हणून हे पत्र. शिक्षक संघटनेचा सरचिटणीस म्हणून जन्मभर पत्रकं काढलीस, आता बहिणीलाही चार ओळी लिही.

आमच्या शाळेत एक प्रकार घडलाय. गेल्या मंगळवारी गणिताच्या मोठ्या सरांनी सातवीतल्या एका मुलाच्या कानाखाली मारली. कानातून रक्त आलं. सरांनीच त्याला उचलून दवाखान्यात नेलं. डाव्या कानाचा पडदा फाटलाय. दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकाशी पालक जमले. कुणी ओरडत होतं, कुणी मोबाइलवर आम्हा सगळ्यांचे चेहरे टिपत होतं. सरांना निलंबित केलंय.

मुलगा म्हणजे आमचा रेडिओ. हे त्याचं नाव नव्हे, पण शाळेत दुसरं कुणाला माहीत नाही. कुणाचाही आवाज काढतो. परवापरवापर्यंत माझ्या भूगोलाच्या तासाला चार गैरहजर पोरांच्या आवाजात ‘हजर’ म्हणायचा. एकदा हजेरी लावून वर पाहिलं तर चार बाकं रिकामी! मला हसू आवरेना. चौघांचे चार आवाज, दादा, आणि चौथ्याचा तर सर्दी झालेला. शिक्षकखोलीत मी हे कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर बिचाऱ्याचं काही खरं नव्हतं.

मुख्याध्यापकांनी आम्हा अकरा जणांना बोलावलं. म्हणाले, “कोणी काही पाहिलं नाही ना? नाही पाहिलं. मग झालं. चहा घ्या.”

मी त्या वेळी व्हरांड्यात होते. नकाशे गुंडाळून कपाटाकडे नेत होते. रेडिओ माझ्यासमोरून मोठ्या सरांच्या दहावीच्या वर्गात शिरला. नंतरचा आवाज मी ऐकला. पुढच्या महिन्यात चौकशी आहे आणि हे सत्र संपताना मला कायम करण्याचा आदेश निघायचाय. तोवर मी कच्चीच. काय करू?

तुझी
भिंगरी

१७ जुलै

भिंगरे,

पत्र मिळालं. तुझ्या वहिनीला माझ्या मौनाची इतकी गोडी लागलीय की डॉक्टरांकडे मुदत वाढवून मागेल अशी भीती वाटते. मी पाटीवर लिहून भांडतो. पण माझं वाक्य पुरं व्हायच्या आत ती खोलीतून निघून जाते. लेखी भांडणात हा मोठाच दोष आहे.

आता कामाचं. तू गप्प राहायचंस. घाबरून नव्हे, विचार करून. तुझे मोठे सर मला परके नाहीत. संपाच्या वर्षी उपोषणाला तो माझ्या शेजारी झोपला होता. पाचव्या दिवशी मला भोवळ आली तेव्हा त्यानं माझं डोकं मांडीवर घेतलं आणि पत्रकारांना सांगितलं, “आमचा माणूस झोपलाय, हळू बोला.” त्या संपानं आपल्याला काय दिलं हे तुझ्या पिढीला माहीत नाही, कारण तुम्हाला ते पगारासारखं आपोआप मिळालं. चौकशीशिवाय शिक्षकाला काढता येत नाही हा नियम कुणी दान दिलेला नाही.

आज फाटकावर एका शिक्षकाच्या नावानं ओरडतात. उद्या तुझ्या नावानं ओरडतील. मुलानं घरी जाऊन काहीही सांगावं, आईबापांनी धावत यावं, आणि संध्याकाळपर्यंत वीस वर्षांची नोकरी जावी? असं असेल तर वर्गात पाऊल कोण ठेवेल?

आणि एक साधा प्रश्न विचारतो, तो चौकशीतही विचारला जाईल. सातवीतलं पोरगं दहावीच्या वर्गात काय करत होतं? तास चालू असताना! म्हणजे स्वारी तिथे नकला करायलाच गेली होती. सर भडकले, हात उठला. चूक झाली, मान्य. पण चूक आणि गुन्हा यांत फरक असतो.

पोळलेल्या घशाचा
दादा

२६ जुलै

दादा,

तू बरोबर प्रश्न विचारलास आणि त्याचं चुकीचं उत्तर स्वतःच दिलंस. भाषणात चालतं ते. पत्रात समोरच्याला बोलू द्यावं लागतं.

तो आपणहून गेला नव्हता. त्याच्या हातात डस्टर होतं.

आमच्या शाळेत एक पद्धत आहे. मी आले त्याच्या कितीतरी आधीपासूनची. पोरगं डोक्यावर बसलं की आम्ही त्याला मारत नाही, ओरडतही नाही. टेबलावरचं डस्टर त्याच्या हातात देतो आणि म्हणतो, “जा, मोठ्या सरांना देऊन ये.” एवढंच. सरांच्या वर्गात त्यांचं डस्टर असतं, त्यांना दुसरं नको असतं. पण डस्टर घेऊन आलेल्या पोराचं काय करायचं हे त्यांना ठाऊक असतं. पोरगं जातं, मार खातं, डस्टर घेऊन परत येतं आणि बाकावर बसतं. वर्ग चिडीचूप. आमचे हात स्वच्छ. खडूसुद्धा लागत नाही.

पोरं रडत नाहीत, दादा. डस्टर हातात मिळालं की तोंड बारीक करून निघतात. वाटेत कुणी पळूनही जात नाही. स्वतःचा मार स्वतःच वाहून नेतात. मी कधी दिलं नाही. पण हातात घेऊन दाखवलंय, आणि वर्ग गप्प झाल्यावर मला बरंही वाटलंय.

त्या दिवशी रेडिओनं भाषेच्या बाईंचा आवाज काढला होता, कविता वाचतानाचा. त्यांनी डस्टर दिलं. याच बाईंनी मला या शाळेत आणलं, माझ्या पहिल्या तासाला मागच्या बाकावर बसून मान डोलावली. निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत. घरी अंथरुणाला खिळलेला नवरा. हे तुलाच सांगतेय, कुणाजवळ बोलू नकोस.

आणि तू सुरक्षिततेचं म्हणतोस ना, ये आणि बघ. खेळाचे शिक्षक कोलांटीला पोराची पाठ धरत नाहीत, लांबून सांगतात. परवा एक पोरगी मानेवर पडली. पहिलीच्या बाई रडणारं पोर कडेवर घेत नाहीत. हात मागे बांधून म्हणतात, “गप बस हं बाळ, गप बस.” वर्गात कॅमेरे बसलेत. विज्ञानाचे शिक्षक कॅमेऱ्याकडे बघूनच शिकवतात. शिक्षकखोलीत सगळे एकमेकांना चहा पुढे करतात आणि कुणी कुणाच्या डोळ्यांत बघत नाही. एकाला झोप नाही, एकीला सारखं पित्त. हे सगळं फाटकावरच्या पालकांमुळे झालंय असं सगळे म्हणतात. मला तसं वाटत नाही. आमच्यातलं कोण कधी बोलेल, याची धास्ती आहे.

मला सांग, मी काय करू? नीट सांग.

भिंगरी

४ ऑगस्ट

भिंगरे,

घाईत आहे. संघटना उठली आहे! येत्या शनिवारी शिक्षण कार्यालयासमोर सभा. सातशे शिक्षक येतील असा अंदाज आहे. भाषण मी लिहिलंय. मी बोलू शकत नाही म्हणून आमचा तरुण अध्यक्ष ते वाचेल. माझाच विद्यार्थी, आवाज खणखणीत, पण श्वास कुठे घ्यायचा ते कळत नाही. मी कागदावर खुणा करून दिल्यात. फार दिवसांनी रात्री रक्त उसळल्यासारखं वाटलं.

ते डस्टरचं तू कुठेही बोलू नकोस. मी वाचलं आणि बाजूला ठेवलं. तूही ठेव. एकाची चौकशी चालू आहे, ती अकरा जणांची करायची आहे का? अकरा घरं आहेत ती. पद्धत वाईट होती, बंद करा. मी स्वतः तुमच्या शाळेत येऊन सगळ्यांना फैलावर घेईन, घसा बरा होऊ दे. पण आत्ता नव्हे. समोर लोक कुऱ्हाड घेऊन उभे असताना आपलीच फांदी दाखवायची नसते.

तुमचे सहकारी मोठ्या सरांच्या मागे उभे आहेत, हे ऐकून बरं वाटलं. कुणीही तोंड उघडलं नाही, याचा अर्थ तोच.

दादा

१३ ऑगस्ट

माननीय सरचिटणीस साहेब,

तुमच्या भाषणाचं पत्रक शिक्षकखोलीच्या सूचनाफलकावर लावलंय. शिपाईकाकांनी चार टाचण्या मारल्या आहेत, वाऱ्यानं उडू नये म्हणून.

तिसरा परिच्छेद मला पाठ झालाय. “भूगोलाच्या तासाला चार गैरहजर मुलांच्या आवाजात हजेरी देऊन आपल्या शिक्षिकेला फसवणारा हा मुलगा! याच्या शब्दावर एका निष्ठावान शिक्षकाचं आयुष्य उद्ध्वस्त करायचं का?” म्हणे इथे टाळ्या पडल्या. पडणारच, श्वास कुठे घ्यायचा त्याची खूण तू करून दिली होतीस.

ते मी तुला हसायला लिहिलं होतं, दादा. तू आजारी होतास म्हणून लिहिलं होतं.

मी खोलीत शिरले तेव्हा खेळाच्या शिक्षकांनी टाळ्या वाजवल्या. “भूगोल आपल्या बाजूचा निघाला!” पहिलीच्या बाईंनी मला मिठी मारली. पोरांना मारत नाहीत मिठी, मला मारली. भाषेच्या बाईंनी माझ्या कपात साखर घातली. मी साखर घेत नाही, हे त्यांना माहीत आहे.

संध्याकाळी रेडिओची आई माझ्या दारात आली. कपड्यांच्या कारखान्यात बटणं लावते. बोटांच्या टोकांना चरे पडलेत. मी आत बोलावलं, आली नाही. उंबऱ्याबाहेर उभी राहून म्हणाली, “बाई, पोरगं तेव्हा घरी येऊन नाचलं होतं. म्हणालं, आई, भूगोलाच्या बाई हसल्या. ओरडल्या नाहीत, हसल्या. चार दिवस तेच सांगत होतं.”

मी म्हटलं, “खरंच हसले होते मी.”

“मग हे कागदावर कसं आलं?”

तीच म्हणाली, “असू दे. आता तो जेवायला बसला की मला उजवीकडे बस म्हणतो. आवाज काढायला गेला की चुकतो. मग आपणच गप्प बसतो.” आणि गेली. ओरडली असती तर मी काहीतरी बोलले असते.

तुला माझं काही कळवावं का नाही, याचा मी विचार करतेय.

आपली नम्र,
एक सभासद

१७ ऑगस्ट

भिंगरी,

साहेब म्हणालीस. ठीक आहे.

तुझं नाव मी कुठेही लिहिलं नव्हतं. तरी ती गोष्ट घ्यायला नको होती, असं तुझी वहिनी म्हणते. तिनं तुझं पत्र वाचलं आणि तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही. घरात आता दोघंही मुके, फक्त तिला डॉक्टरांनी सांगितलेलं नाही.

पण मी माघार घेणार नाही. तू ऐकून घे. मी नोकरीला लागलो तेव्हा आम्ही संस्थाचालकाच्या बंगल्यातल्या बागेला पाणी घालायचो, त्याच्या पोरांना घरी जाऊन शिकवायचो. एका बाईंनी बाळंतपणाची रजा मागितली, तर त्यांना सांगितलं, कायमची घ्या. कारण द्यावं लागत नव्हतं, कागद लागत नव्हता, “उद्यापासून येऊ नका” एवढं वाक्य पुरायचं. ते वाक्य आम्ही त्यांच्या तोंडून काढून घेतलं. त्यासाठी माणसं तुरुंगात गेली, घरं मोडली. आणि तुला वाटतं, मी ते एका पोराच्या कानासाठी परत द्यावं?

वाक्य लिहिलं आणि थांबलो. खोडत नाही. तुला दिसू दे की मी असं लिहू शकतो.

चौकशीत विचारलं तर ‘मी पाहिलं नाही’ म्हण. तू खोटं बोलणार नाहीस, थप्पड तू पाहिलेली नाहीस. तुझा कायम होण्याचा आदेश तीन महिन्यांवर आलाय. थोरला भाऊ म्हणून सांगतोय, सरचिटणीस म्हणून नाही.

दादा

२ सप्टेंबर

दादा,

चौकशी झाली.

आदल्या संध्याकाळी मी भाषेच्या बाईंच्या घरी गेले. त्या नवऱ्याला चमच्यानं पेज भरवत होत्या. मी म्हटलं, “बाई, मी उद्या डस्टरचं सांगणार आहे. तुम्हाला आधी सांगायला आले.” त्यांनी त्याचं तोंड पुसलं. मग म्हणाल्या, “सांग. तुला अडवत नाही. पण मला विचारतील तेव्हा मी नाही म्हणणार. तूही मला अडवू नकोस.” निघताना त्यांनीच जिन्यातला दिवा लावला, म्हणाल्या, “पायरी तुटकी आहे, बघून उतर.”

ग्रंथालयात खात्याचे दोन अधिकारी बसले होते. आमच्यातले दहा जण एकेक करून आत गेले आणि बाहेर आले. सगळ्यांचं एकच, काही पाहिलं नाही. मी गेले आणि सगळं सांगितलं. पद्धत सांगितली. त्या दिवशी डस्टर कुणी दिलं तेही सांगितलं. एक अधिकारी म्हणाले, “बाकी दहा जण म्हणतात अशी पद्धत नाही.” मी म्हटलं, “मुलांना विचारा. कुठल्याही वर्गात जा, एकाच्या हातात डस्टर द्या आणि फक्त ‘देऊन ये’ म्हणा. ‘कुणाला?’ असं एकही पोरगं विचारणार नाही.” त्यांनी ते लिहून घेतलं का, मला दिसलं नाही.

आता तुला न आवडणारी गोष्ट. बाहेर बाकावर मोठे सर बसले होते. खूप खंगलेत. मी मान खाली घालून पुढे जात होते. ते म्हणाले, “बाई, तुम्ही बोललात ना? दारातून ऐकू आलं.”

मी म्हटलं, “हो.”

“बरं झालं. हे दहा जण म्हणतात काही पाहिलं नाही. म्हणजे सातवीतलं पोरगं आपोआप माझ्या वर्गात आलं आणि मला वेड लागलं म्हणून मी त्याला मारलं. वर्षानुवर्षं मला डस्टरं कुणी पाठवली? मी मारलं. माझ्याच हातानं मारलं, तो गुन्हा माझाच. शिक्षा द्या. पण अकरा जणांनी मिळून मला हात करून ठेवलं होतं. आता म्हणतात हात तेवढा कापा, बाकी अंग शाबूत आहे.”

मी म्हटलं, “मग हे तुम्ही आत का नाही सांगितलंत?”

तर म्हणाले, “संघटनेनं बजावलंय. सहकाऱ्यांची नावं घ्यायची नाहीत.”

दादा, कुणी तोंड उघडलं नाही म्हणजे सगळे त्यांच्या मागे उभे आहेत, असं तू लिहिलं होतंस. कुणीही उभं नव्हतं. ते एकटे बाकावर बसले होते. तुझ्या शेजारी उपोषणाला झोपलेला माणूस तुझ्याच सांगण्यामुळे एकटा पडलाय.

शिक्षकखोलीतली माझी खुर्ची कुणीतरी व्हरांड्यात ठेवली आहे.

भिंगरी

२० सप्टेंबर

भिंगरी,

तुझं पत्र आल्यापासून मला स्वस्थ बसवत नाही. घरात येरझारा घालतो. वहिनी पुन्हा बोलायला लागलीय, पण तिचं पहिलं वाक्य होतं, “फरशी झिजेल.”

काल कार्यकारिणी झाली. ठराव आला: ‘जो सभासद दुसऱ्या सभासदाविरुद्ध साक्ष देईल त्याला संघटनेची कायदेशीर मदत मिळणार नाही.’ कुणाचं नाव नव्हतं. सगळ्यांना माहीत होतं.

आमच्या बैठकीचा एक नियम आहे. ज्याची हरकत असेल त्यानं उभं राहून बोलावं, जो बोलणार नाही त्याची संमती धरावी. हा नियम मीच आणलाय. लोक उगीच कुरकुरत बसायचे, बैठका लांबायच्या. मला माझी बैठक वेळेत संपलेली आवडायची. आणि मी असल्यावर बोलायला उभं राहतंय कोण!

मी पाटी घेऊन उभा राहिलो. अध्यक्ष प्रेमानं म्हणाला, “दादा, घशाला जपा, बसा. तुम्ही आमच्याबरोबर आहात हे सांगायला का हवं?” सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझ्यासाठी. आणि मी बसलो.

ठराव एकमताने मंजूर झाला. त्या एकमतात मी आहे. जन्मभर मी बोललो आणि लोक गप्प बसले, त्याला मी पाठिंबा समजत आलो. काल मी गप्प होतो. मला ठाऊक आहे आत काय चाललं होतं.

राजीनामा लिहून ठेवलाय. उद्या पाठवतो. त्यात सगळं लिहिलंय, कुणाला सोडलेलं नाही. वर्तमानपत्रांनाही प्रत देणार.

दादा

२७ सप्टेंबर

दादा,

राजीनामा पाठवला नसशील तर फाड. पाठवला असशील तर परत घे.

परवा मला मुख्याध्यापकांनी बोलावलं. आठवीची एक तुकडी बंद होतेय, पालकांनी मुलं काढून घेतली. त्यामुळे एक शिक्षक जास्त झाला. शेवटी आलेली मी, त्यात कच्ची. “चौकशीचा याच्याशी संबंध नाही हं बाई,” ते तीनदा म्हणाले. महिनाअखेरीपासून येऊ नका. कागद दिलाय, एवढी सुधारणा तुमच्या पिढीनं केली आहे खरी. मी खात्याकडे अपील टाकलंय, सुनावणी पुढच्या महिन्यात.

भाषेच्या बाई अजून माझ्याशी बोलत नाहीत. पण काल त्यांनी रेडिओला कविता वाचायला उभं केलं. मी शेजारच्या वर्गात होते, भिंत पातळ आहे. पोरं हसायला टपून बसली असणार. त्यानं सरळ स्वतःच्या आवाजात वाचली. बाई म्हणाल्या, “पुन्हा वाच. मला ऐकायचंय.”

आता तुझ्या राजीनाम्याबद्दल. मला तो नको. राजीनामा म्हणजे तुझं आणखी एक भाषण. वर्तमानपत्रात येईल, लोक म्हणतील काय बाणेदार माणूस, आणि मी रस्त्यावरच. तुला मोकळं वाटेल. मला नोकरी मिळेल का?

मी तुझ्या संघटनेची सभासद आहे. वर्गणी भरलेली आहे. मला एका वाक्यात घरी पाठवलंय, त्याच वाक्यात, ज्याच्याविरुद्ध तुम्ही तुरुंगात गेलात. मग उठा की! शिक्षकाची सुरक्षितता धोक्यात आहे. ती शिक्षक मी आहे. की सुरक्षितता फक्त मारणाऱ्याची आणि न बघणाऱ्यांची?

दादा, मला रात्री झोप लागत नाही. मी धीट नाही. चौकशीच्या खोलीत माझे पाय लटपटत होते. मला ही नोकरी हवी आहे. मला शिकवता येतं. माफी मागू नकोस, वाईट वाटून घेऊ नकोस. माझी बाजू लढ.

हा अर्ज समज.

भिंगरी

९ ऑक्टोबर

भिंगरे,

अर्ज मिळाला. राजीनामा फाडला. वाईट वाटलं, चांगला लिहिला होता.

काल विशेष बैठक बोलावली. सरचिटणीसाला तो अधिकार आहे, मी तो कधी वापरला नव्हता, कारण गरज पडली नव्हती. डॉक्टरांची मुदत संपलीय, पण घशातून हवा येते, आवाज येत नाही. येईल म्हणतात. मी कार्यालयातला फळा पुढे ओढला आणि तुझा अर्ज त्यावर उतरवला. एक ओळ गाळली, झोप लागत नाही ती. बाकी सगळा. त्याखाली लिहिलं: ‘ठरावाला माझी हरकत. लेखी.’

अध्यक्ष म्हणाला, “नियम तोंडी हरकतीचा आहे, दादा.” मी लिहिलं: ‘नियम माझा होता. चुकीचा होता. बदला.’

भाषणात टाळी पडली की मी पुढे निघायचो. फळ्याचं तसं नाही. माणसांना वाचावं लागतं, आणि वाचताना ती एकेकटी असतात. मग ग्रामीण शाखेची एक बाई उभी राहिली. पाच वर्षांत मी तिचा आवाज ऐकला नव्हता. म्हणाली, “आमच्या शाळेत डस्टर नाही, आमच्याकडे पट्टी घेऊन पाठवतात.” आणि बसली. मग आणखी एक जण. त्याच्याकडे पोराला नुसतं “कार्यालयात जा” म्हणतात.

ठरावावर पुन्हा मतं झाली. नऊ विरुद्ध चार. आपण हरलो. संघटना तुला वकील देणार नाही. पण इतिवृत्तात ‘एकमताने’ हा शब्द होता, तो अध्यक्षाला स्वतःच्या हातानं खोडावा लागला. माझ्या कारकिर्दीत हे पहिल्यांदाच घडलं.

तिथून मी मोठ्या सरांकडे गेलो. दोन म्हातारे, एक बोलू शकत नाही, दुसऱ्याला बोलायची लाज वाटते. मी पाटीवर लिहिलं, ‘नावं घेऊ नकोस असं तुला सांगायला मी चुकलो.’ त्यानं वाचलं आणि कपाटातून कागद काढला. त्यानं आता खात्याला लेखी कळवलंय, मारल्याचं कबूल केलंय आणि पद्धतही सांगितलीय. त्याची नोकरी जाईल. जायलाच हवी, हे मी त्याला लिहिलं आणि त्यानं मान हलवली. तुझ्या अपिलाच्या सुनावणीला तो तुझा साक्षीदार म्हणून येतोय. त्यानंच विचारलं, “बाईंना चालेल का?” मी तुझ्या वतीनं हो म्हटलं. चुकलो असेन तर आल्यावर भांड.

सुनावणी सोमवारी आहे. अपील करणाऱ्याला शेजारी एक माणूस बसवता येतो, तो वकीलच हवा असं नाही. मी रविवारी सकाळच्या गाडीनं येतो. घ्यायला येऊ नकोस, तयारी कर. नेमणुकीचं पत्र, कामावरून कमी केल्याचा कागद आणि सभासदत्वाची पावती वेगवेगळ्या पाकिटांत ठेव. उत्तर देताना घाई करू नकोस. ते मध्येच बोलतील, बोलू दे, मग पुन्हा पहिल्यापासून सांग. पाय लटपटले तर खुर्ची मागून घे, बसून बोललेलंही कायद्यानं चालतं.

तिथे मी काही करू शकणार नाही. मला बोलता येत नाही, आणि आलं असतं तरी बोललो नसतो. बोलायचं तू. मी शेजारी बसतो.

तुझा
दादा